फाइल सर्व्हरवर नवे फर्मवेअर ठेवूनही काही डेस्क फोन जुन्याच आवृत्तीवर का राहतात?

आपण लिहिले आहे, की टीएफटीपी (फाइल पाठवण्याचा एक साधा प्रोटोकॉल) सर्व्हरवर फर्मवेअरच्या, म्हणजे फोनच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरच्या, नव्या फाइल ठेवून सगळे फोन रीबूट केले, तरी काही फोन जुन्याच आवृत्तीवर राहिले आणि दुसऱ्या कार्यालयातले काही फोन बराच वेळ अपग्रेडच्या स्क्रीनवर अडकून पडले. ही दोन दुखणी निरनिराळी आहेत.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी: सर्व्हर फोनवर काहीही लादत नाही, जे काही मागायचे ते फोनच मागतो. सुरू होताना फोन डीएचसीपीकडून (नेटवर्कवर येणाऱ्या उपकरणांना पत्ता देणारी सेवा) आयपी ॲड्रेसबरोबरच फाइल सर्व्हरचा पत्ता घेतो (बहुतेक कंपन्यांच्या फोनसाठी डीएचसीपीच्या उत्तरातील ऑप्शन ६६, सिस्कोसाठी प्रामुख्याने १५०), मग स्वतःच्या मॅक ॲड्रेसच्या (उपकरणाच्या ठरावीक नेटवर्क क्रमांकाच्या) नावाची कॉन्फिग, म्हणजे सेटिंग्जची, फाइल मागतो, आणि त्या फाइलमध्ये लिहिलेली आवृत्ती आपल्याकडील आवृत्तीहून वेगळी दिसली तरच फर्मवेअर उतरवू लागतो. म्हणजे नवी फाइल फोल्डरमध्ये नुसती पडून असेल, तर निदान सिस्कोसारख्या फोनला तिचा पत्ताही लागत नाही.

जे फोन जुन्या आवृत्तीवर राहिले, त्यांच्या बाबतीत माझा पहिला संशय त्यांच्या स्वतंत्र कॉन्फिग फाइलवर आहे. मॅक ॲड्रेसच्या नावाची फाइल सापडली नाही तरच पॉलिकॉमचा फोन बारा शून्यांच्या नावाच्या सामाईक फाइलकडे वळतो. सिस्कोमध्ये ‘एक्सएमएल डिफॉल्ट’ या फाइलचे काम तेच. कोणीतरी पूर्वी एखाद्या फोनसाठी वेगळी फाइल करून ठेवली असेल, तर सामाईक फाइलमध्ये केलेला बदल त्या फोनपर्यंत पोहोचतच नाही. दुसरे कारण अगदी किरकोळ, पण वारंवार भेटणारे: लिनक्स सर्व्हरवर फाइलच्या नावातील कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे वेगळी मानली जातात, शिवाय विंडोजवरून कॉपी केलेल्या फाइलला सर्वांसाठी वाचण्याची परवानगी असेलच असे नाही. या दोन्ही गोष्टी सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) उघड दिसतात, म्हणून फोनच्या मेनूत शोधत बसण्याऐवजी त्या फोनने नेमकी कोणती फाइल मागितली आणि तिला काय उत्तर मिळाले, ते आधी लॉगमध्ये पाहावे. ‘फाइल सापडली नाही’ अशा काही ओळी तिथे नेहमीच असतात, कारण फोन रिंगटोनसारख्या ऐच्छिक फाइलही मागून पाहतो. त्या पाहून बिचकू नये.

अडकलेल्या फोनचे कारण मात्र टीएफटीपीच्या रचनेतच आहे. हा प्रोटोकॉल मुळात ५१२ बाइटांचा एक तुकडा पाठवतो आणि त्याची पोच आल्याशिवाय पुढचा पाठवत नाही. दोन कार्यालयांमध्ये जाऊन-येऊन ५० मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला जेमतेम वीस तुकडे जातात. १० एमबीच्या फाइलला या हिशेबाने सतरा मिनिटे लागतात आणि लिंकचा वेग वाढवूनही त्यात फरक पडत नाही. त्यातच पहिली विनंती पोर्ट ६९ वर जाते, पण सर्व्हरचे उत्तर दुसऱ्याच पोर्टवरून येते, त्यामुळे मधल्या फायरवॉलला टीएफटीपी समजत नसेल तर विनंती लॉगमध्ये दिसते आणि फाइल कधीच पोहोचत नाही. फोन एचटीटीपीवरून (वेबसाइटसाठी वापरला जाणारा प्रोटोकॉल) फर्मवेअर घेऊ शकत असेल तर दूरच्या कार्यालयांसाठी निःसंकोच तोच मार्ग निवडावा. एचटीटीपीएस (त्याचाच सुरक्षित प्रकार) वापरायचे असल्यास फोनला एनटीपीकडून (घड्याळ जुळवणारी सेवा) बरोबर वेळ मिळते आहे ना, हे तपासावे. घड्याळ चुकले की वैध सर्टिफिकेटही नाकारले जाते.

पुढच्या वेळी जुन्या फाइलवर नवी फाइल कधीही चढवू नये. दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि कॉन्फिगमधील आवृत्तीची ओळ तेवढी बदलावी. बहुतेक फोन आवृत्ती ‘नवी’ आहे का हे न पाहता ‘वेगळी’ आहे का एवढेच पाहतात, त्यामुळे तीच ओळ पूर्ववत केली की माघारही घेता येते. अर्थात काही आवृत्त्यांवरून मागे येण्याची सोय कंपनीच ठेवत नाही, आणि फार जुन्या फोनला आधी एका मधल्या आवृत्तीवर न्यावे लागते, म्हणून रिलीज नोट्समधला तेवढा भाग तरी वाचावाच. प्रत्येक मॉडेलचा एकेक फोन आधी करावा, मग एखादा विभाग, मग बाकीचे. काम रात्री ठेवणार असाल तर स्विच वीज वाचवण्यासाठी रात्री पीओई (नेटवर्कच्या तारेतून फोनला मिळणारी वीज) बंद करत नाही ना, आणि फोनमागे जोडलेल्या संगणकांवर त्या वेळी बॅकअप चालू नाही ना, याची खात्री करावी, कारण फोन रीबूट झाला की त्या संगणकाचेही नेटवर्क तुटते.

सध्या अडकलेल्या फोनची वीज लगेच काढू नये. सर्व्हरवर त्या फोनकडे तुकडे जाताना दिसत असतील, तर त्याला वेळ द्यावा. अजिबात हालचाल नसेल, तर तो फोन काढून सर्व्हर असलेल्या कार्यालयातील स्विचला लावावा आणि तिथे अपडेट करून परत पाठवावा.