इंजिनचं हेड (वरचा भाग) ब्लॉकवर आवळणाऱ्या हेड बोल्टखाली बाजारातला साधा वॉशर चालेल का, आणि त्याची कुठली बाजू वर?

साधा अजिबात नको. तो मऊ असतो, दाबाखाली चेपतो आणि टॉर्क (आवळण्याचा जोर) बरोबर देऊनही बोल्ट ढिला पडतो. स्प्रिंग वॉशर तर विसराच. कंपनीचा कडक केलेला वॉशरच घ्या. ॲल्युमिनियमच्या हेडवर तो नसेल तर बोल्टचं डोकं फिरताना धातू खरवडतं.

बाजू ओळखायला आतल्या भोकाच्या कडेवर नख फिरवा. उतार दिलेली कड वर, कारण बोल्टच्या डोक्याखाली छोटी गोलाई असते. धारदार कड तिथे रुतते. तेल आट्यांना आणि वॉशरच्या वरच्या अंगाला, खालचं अंग कोरडं. निम्म्याच्या आसपास टॉर्क डोक्याखालच्या घर्षणातच जातो, त्यामुळे वॉशर बोल्टबरोबर फिरला तर टॉर्क रेंचवर दिसणारा आकडा फसवा. तेल मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेच. ब्लॉकमधल्या तळ बंद असलेल्या भोकांत मात्र तेल साचू देऊ नका, बोल्टखाली अडकलेल्या तेलाच्या दाबाने ब्लॉक तडकतो.