मेड्युसाची सावली

प्रश्न : ताई, सुट्टीत नातवासोबत २०१०चा ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ पाहिला. राक्षसी विंचू, चेटकिणी, समुद्रातला अजस्र क्रॅकेन, सगळं होतं. तरी अर्ध्यात माझा डोळा लागला. कॉलेजात असताना याच कथेवरचा १९८१चा चित्रपट पाहिला होता, त्यातल्या मेड्युसाने, म्हणजे केसांऐवजी साप असलेल्या आणि नजरेने माणसाचा दगड करणाऱ्या ग्रीक पुराणातल्या राक्षसिणीने, घाम फोडला होता. वय झालं म्हणून असं होतं का?

उत्तर : वयाचा काहीएक संबंध नाही. मी तो नवा चित्रपट थिएटरात थ्रीडी चष्मा लावून पाहिला आणि मध्यंतरापर्यंत डोकं धरलं. मुळात साधा चित्रित केलेला, मग प्रदर्शनाच्या तोंडावर घाईघाईने थ्रीडी केलेला. पुठ्ठ्याची माणसं कापून एकामागे एक उभी केल्यासारखं दिसत होतं.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. जुनी मेड्युसा आठवा. चित्रपटातले राक्षस घडवणारे कलाकार रे हॅरीहाउसेन यांनी तिची बाहुली हाताने केसभर सरकवत, एकेक चौकट (फ्रेम) टिपत जिवंत केली. सेकंदाला चोवीस चौकटी, त्यात डोक्यावरचे सगळे साप वळवळते! आधी भिंतीवर सावली, मग शेपटीचा खुळखुळाट. ती हातांच्या बळावर धड ओढत येते, थांबते, धनुष्याला बाण लावते. कथेचा नायक पर्सियस खांबाआड तलवार धरून, घामाने निथळलेला. आपणही श्वास रोखून वाट बघतो.

नव्या मेड्युसाला थांबायला सवडच नाही. विंचू झाले की चेटकिणी, मग ती, मग क्रॅकेन. एकेक उरकत जायचं. शिवाय जुन्यात पर्सियसचा राजकन्या अँड्रोमेडावर जीव असतो, म्हणून तिला क्रॅकेनचा बळी म्हणून कड्याला साखळदंडांनी बांधल्यावर आपला जीव टांगणीला लागतो. नव्यात तो कुटुंबाच्या मृत्यूचा सूड घ्यायला निघालेला, तिच्याशी त्याची धड ओळखही नाही. मग क्रॅकेनने अख्खं शहर आडवं केलं तरी आपण काळजी करायची कुणाची?

यात संगणकाला बोल लावू नका. ‘ज्युरासिक पार्क’मध्येही संगणक होताच, पण टी-रेक्स यायच्या आधी गाडीतल्या पेल्यात पाणी थरथरलं, ते मला आजही दिसतं.

नातवाला जुना चित्रपट दाखवा. मेड्युसाच्या प्रसंगाला दिवे मालवा आणि मध्ये काही समजावून सांगू नका. तो तुमच्या जवळ सरकून बसला का, ते मला जरूर कळवा.