मित्राला अ‍ॅस्पर्जर असेल असं वाटतं, त्याला सांगू का?

प्रश्न: ताई, नमस्कार. हे मित्राबद्दल आहे, पण त्रास मला होतोय म्हणून लिहितोय. कॉलेजपासूनची दोस्ती आमची, आता दोघंही तिशी पार केलेले. पोरगा प्रचंड हुशार, जुन्या नकाशांचा नाद आहे त्याला, एकदा त्यावर सुरू झाला की समोरचा जांभया देतोय हे त्याला दिसतच नाही. ग्रुपचा ठरलेला प्लॅन ऐनवेळी बदलला की डोकंच फिरतं, मग एकतर येत नाही किंवा येऊन गप्प बसतो. गर्दीच्या हॉटेलात कोपऱ्यातलीच जागा हवी, आणि तासाभरात न सांगता उठून जातो. टोमणा मारला तर कळत नाही, स्वतः मात्र चारचौघांत मला म्हणाला "तुझं प्रेझेंटेशन कंटाळवाणं होतं". हे सगळं चालवून घेतलं हो, पण मधे वडील आयसीयूत होते, मी त्याला फोन केला, रडत होतो, तर हा म्हणे "रिपोर्ट पाठव". आणि पहाटे भलामोठा मेसेज, कुठला आकडा म्हणजे काय, डॉक्टरांना काय काय विचारायचं. धीराचा एक शब्द नाही! बायको म्हणते त्याला अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम आहे, तिने व्हिडिओ बघितलाय. ग्रुपवाले त्याला रोबो म्हणतात. खरंच असेल का? त्याला सांगू का? आणि असेल तर मी करायचं काय?

उत्तर: वडील आता बरे असतील ना, जरूर कळवा.

त्या मेसेजपासूनच सुरू करू, कारण तुमचा सगळा राग तिथेच साचलाय. तुम्ही रडत होतात त्या रात्री तो पहाटेपर्यंत जागून तुमच्या वडिलांचे रिपोर्ट वाचत बसला होता. ज्याला तुमचं काही पडलेलं नाही तो कशाला हे करेल? "काळजी करू नको, सगळं ठीक होईल" असं आपण सगळेच पटकन म्हणतो, पण ठीक होईल की नाही हे त्याला कुठे माहीत होतं, मग म्हणायचं कसं, असा सरळ हिशोब असू शकतो त्याचा, म्हणून जे हातात होतं ते त्याने केलं. तुम्हाला त्या वेळी ते नको होतं हेही तितकंच खरं, पण काय हवंय ते तुम्ही बोललात का? बहुतेक नाही, कारण रडणाऱ्याला काय हवं हे काय सांगावं लागतं का असं आपल्याला वाटतं. काहींना सांगावं लागतं. "आज मला सल्ला नकोय, दहा मिनिटं नुसतं ऐक" एवढं म्हणून बघा पुढच्या वेळी, मला वाटतं तो ऐकेल.

अ‍ॅस्पर्जर हा ऑटिझमचाच एक प्रकार धरला जायचा, ऑटिझम म्हणजे लोकांशी बोलण्यावागण्याची, आवाज आणि बदल झेलण्याची मेंदूची जन्मापासूनची वेगळी पद्धत, आणि ती असलेला माणूस तो ऑटिस्टिक. डेमियन मिल्टन नावाचे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आहेत, स्वतः ऑटिस्टिक, त्यांनी २०१२ मधे हाच मुद्दा मांडला की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं, ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन वाचता येत नाही म्हणतात तर इतरांनाही त्याचं कुठे वाचता येतं. आणि २०१७ चा एक अभ्यास तर मला फारच बोलका वाटतो. ऑटिस्टिक आणि इतर माणसांच्या बोलण्याच्या छोट्या क्लिप लोकांना दाखवल्या, तर काही सेकंदांतच ऑटिस्टिक लोकांबद्दल वाईट मत झालं, यांच्याशी गप्पा नकोत म्हणाले, पण तेच बोलणं नुसतं लिहून वाचायला दिलं तेव्हा तो फरक गायब! म्हणजे नावडतं होतं ते बोलण्याचा सूर, चेहरा, हातवारे असलं काहीतरी, बोलणं नव्हे. तुमच्या ग्रुपचं रोबो प्रकरण यातलंच आहे. ते आधी थांबवा, तो नसतानाही, खरं तर तो नसतानाच जास्त.

आता खरंच अ‍ॅस्पर्जर आहे का. पत्रावरून मी सांगू शकत नाही आणि व्हिडिओ बघून वहिनीही नाही. तुम्ही लिहिलंय त्यातलं बरंच जुळतं हे मान्य, एकाच विषयाचा खोल नाद, बदलाचा त्रास, गोंगाट सहन न होणं, शब्दाचा सरळ अर्थ घेणं. पण लोकांत वावरायची भीती असेल, एडीएचडी म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास असेल तरी यातलं थोडंफार दिसतं, आणि नुसता स्वभावही असू शकतो. रक्ताच्या तपासणीत किंवा स्कॅनमधे हे कळत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा सायकिअ‍ॅट्रिस्ट सविस्तर बोलतात, लहानपणी कसा होता ते खोदून विचारतात, जमलं तर आईवडिलांनाही. नेटवर ५० प्रश्नांची एक्यू नावाची टेस्ट मिळते ती २००१ मधे सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी काढली, पण तिच्यावरून निदान होत नाही, पुढे तपासावं का एवढाच अंदाज येतो.

नावाबद्दल थोडं. लॉर्ना विंग या डॉक्टरांनी १९८१ मधे अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम हे नाव रूढ केलं, व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्पर्जर या मुलांच्या डॉक्टरवरून. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिस्टांच्या निदानाच्या मॅन्युअलमधून २०१३ मधे ते गेलं आणि सगळं ऑटिझम स्पेक्ट्रममधे धरलं जाऊ लागलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीतही, जी २०२२ पासून लागू झाली, ते वेगळं नाही. त्यामुळे आज मित्र तपासून आला तर कागदावर बहुधा ऑटिझम लिहिलेलं असेल, दचकू नका. काहीजण अजून हौसेने ते जुनं नाव लावतात, काहींना ते नकोसं वाटतं, कारण नाझी काळात अ‍ॅस्पर्जरने काही मुलांना अशा संस्थेत पाठवलं जिथे अपंग मुलांना ठार मारलं जायचं, २०१८ मधे कागदपत्रांनिशी ते पुढे आलं. मित्र कुठलं नाव घेतो ते बघून तेच घ्या.

करायचं काय, तर निदानाची वाटच बघू नका, यातलं काहीही करायला सर्टिफिकेट लागत नाही. भेटायचं ठरलं की किती वाजता, कोण कोण, साधारण किती वेळ हे आधी लिहून पाठवा, बदल झाला तर कळल्या कळल्या कळवा आणि कारणही सांगा, "बघू रे, येताना ठरवू" हे वाक्य त्याच्यासाठी छळ आहे. शांत जागी भेटा. ताटल्यांचा आवाज, झगमगीत लाईट, चार टेबलांवरची बडबड हे आपलं डोकं आपोआप मागे टाकतं, त्याचं कदाचित टाकत नसेल, सगळं एकाच पट्टीत ऐकू येत असेल, मग तासाभरात माणूस संपणारच ना. "निघावंसं वाटलं तर नुसता हात कर, कुणी काही विचारणार नाही" असं सांगून ठेवलंत तर कदाचित जास्त वेळ थांबेलसुद्धा. डोळ्यात बघून बोल असा आग्रह नको, बऱ्याच जणांना डोळे चुकवले तरच नीट ऐकू येतं. टोमण्यांऐवजी सरळ बोला. आणि कधी तो पार कोसळला, ओरडला किंवा एकदम मुका झाला तर समजावत बसू नका, प्रश्नही नकोत, आवाज आणि माणसं कमी करा आणि वेळ द्या, तो नाटक करत नसतो.

प्रेझेंटेशनचं म्हणाल तर ते मुकाट्याने गिळायचं कारण नाही. ऑटिझम असेल म्हणून तुम्हाला लागायचं थांबत नाही. "चारचौघांत बोललास ते मला लागलं, पुढच्या वेळी एकट्यात सांग" असं सांगा, आणि असंच सांगा, तोंड पाडून बसलात तर वर्षभर बसाल. नियम स्पष्ट असला की अशी माणसं तो आपल्यापेक्षा चोख पाळतात असा माझा अनुभव आहे. नकाशांवर तासभर ऐकवत नसेल तर तेही सांगा, "आज वीस मिनिटं, मग माझी बारी". कधीतरी मात्र पूर्ण तास द्या त्याला, नाद असलेल्या माणसाचं ऐकण्यात मजा असते, जांभया देणाऱ्यांना ती कळलेली नाही.

सांगू का? भांडणात नाही, ग्रुपमधे नाही, आणि "बायको म्हणते तुला अमुक आहे" असं तर मुळीच नाही. त्याचं बरं चाललंय, कुठे अडत नाहीये, तर तुम्ही लेबल घेऊन जायची काय गरज? पण नोकरीत खटके उडतायत, सतत थकलेला असतो, "माझंच काहीतरी चुकतंय" असं म्हणायला लागलाय, तर एकट्यात शांतपणे बोला, नावापासून सुरू न करता जे दिसतं त्यापासून, की गोंगाटात तुला त्रास होतो हे मी बघितलंय, याबद्दल थोडं वाचलंय, तुला बघायचंय का. नको म्हणाला तर विषय तिथेच ठेवा. एका गोष्टीत मात्र वाट बघू नका. २०१४ मधे डॉक्टरांच्या मासिकात, लॅन्सेट सायकिअ‍ॅट्रीत आलेल्या अभ्यासात, मोठेपणी अ‍ॅस्पर्जरचं निदान झालेल्या आणि या प्रश्नाला उत्तर दिलेल्या ३६७ जणांपैकी ६६ टक्के लोकांनी आत्महत्येचे विचार कधी ना कधी आल्याचं सांगितलं होतं. तो तसलं काही बोलला, अगदी सपाट आवाजात बोलला तरी, खरं धरा, सरळ विचारा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न: ताई, मला स्वतःलाच अ‍ॅस्पर्जर असावं असं वाटतंय. बाई आहे, वय ३४, लोकांत छान हसते बोलते, पण घरी आल्यावर दोन दिवस कुणाचं तोंड बघवत नाही. मैत्रिणीला सांगितलं तर "तू तर नॉर्मल दिसतेस" म्हणेल. काय करू?

उत्तर: म्हणेल, तयारी ठेवा. अ‍ॅस्पर्जरने १९४४ च्या लेखात वर्णन केलं ते चार मुलग्यांचं, पुढचीही बरीच वर्षं चाचण्या मुलग्यांकडे बघूनच बेतल्या गेल्या, त्यात बायका इतरांचं बघून बघून हसणं बोलणं पाठ करतात, त्याला मास्किंग म्हणतात आणि तुमचे ते दोन दिवस कदाचित त्याचीच किंमत असेल. तपासायचं असेल तर मोठ्यांचं, त्यातही बायकांचं निदान करायची सवय असलेल्या व्यक्तीकडेच जा. मैत्रिणीला निदानाआधी नाव सांगायची घाई नको, गरज सांगा, "लग्नाबिग्नाला जाऊन आले की दोन दिवस फोन घेणार नाही, तुझ्यावर रागावलेली नसते". हे तोंडावर बोलणं जड जात असेल तर मेसेज करा, लिहून सांगितलेलंही सांगितल्यासारखंच असतं.