फॉरेन्सिक वॉर्डात जाण्याआधी

बाळा,

सोमवारपासून तुझी फॉरेन्सिक वॉर्डात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मनोरुग्णांच्या वॉर्डात पोस्टिंग आणि तू सीबीटीच्या, त्या विचार तपासून बदलायच्या थेरपीच्या, नोट्स काढून बसलीयस, बरंय, पण आधी एक गोष्ट डोक्यात नीट बसव. तिथल्या पेशंटसाठी तू पहिल्यांदा कोर्टाची माणूस असतेस, थेरपिस्ट नंतर.

मला हे कुणी सांगितलंच नव्हतं गं. ट्रेनिंगमध्ये माझा एक पेशंट होता, सख्खा भाऊ त्याच्या हातून गेलेला. पहिले चार सेशन तो माझ्याकडे नाही, माझ्या पेनकडे बघत बसायचा. मी लिहायला लागले की गप्प, पेन खाली ठेवला की दोन शब्द बोलायचा. शेवटी त्यानेच विचारलं, "मॅडम, हे जजसाहेबांकडे जातं का?" ते मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या कलम २३ ने गोपनीयता त्यालाही दिलीय, पण कोर्टाचा आदेश आला किंवा कुणाच्या जिवाला धोका असला तर ती राहत नाही, हे तुझ्या पेशंटला साध्या मराठीत सांग, आणि जमलं तर कोर्टाचा रिपोर्ट दुसऱ्या कुणालातरी लिहू दे.

अजून एक. मनाची तब्येत खूप बिघडलेली असली की खटला थांबवतात आणि पेशंट फिट झाला की तो परत सुरू होतो, म्हणजे आपण फाईलमध्ये खुशीत 'सुधारणा' लिहितो तेव्हा त्याला समोर आरोपीचा पिंजरा दिसत असतो. मग तो थेरपीत अडखळला तर लगेच 'सहकार्य करत नाही' असं लिहून मोकळी होऊ नकोस.

आणि सगळ्यात अवघड काळ पेशंटला ऐकू येणारे भासाचे आवाज थांबल्यावर येतो. औषधं लागू पडतात, वॉर्डात सगळे खूश, आणि त्याला मात्र तेव्हा कळायला लागतं की ज्याला आपण वैरी समजलो तो आपला भाऊ होता. माझा पेशंट त्या दिवसांत जेवणाचं ताट तसंच परत करायचा आणि मी त्याच्यापुढे थॉट रेकॉर्डचा, म्हणजे मनातले विचार लिहून तपासायचा फॉर्म ठेवला!! अजून आठवलं की पोटात कालवतं. तू नुसती बस त्याच्याजवळ, भावाबद्दल बोलू दे, लहानपणचं, शेतातलं, काहीही. जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का हे सरळ विचार, विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, आणि येतं म्हणाला तर लगेच सिस्टरना आणि डॉक्टरांना सांग, आणि सांगणार आहेस हे त्यालाही सांग.

पोस्टिंग कधी संपणार ती तारीख पहिल्या दिवशीच सांगून टाक, शेवटच्या आठवड्यात नवीन जखम उघडू नकोस. मी न सांगताच गेले होते. काही महिन्यांनी कामानिमित्त परत गेले तर तो व्हरांड्यात बसलेला, म्हणाला, "नवीन मॅडम आल्यात. परत पहिल्यापासून सांगायचं म्हणतात."

सोमवारी घरी पोचलीस की फोन कर, मी जागी असेन.

तुझी मॅडम