गीझर, सासूबाई आणि मीटरचा लाल दिवा

प्रश्न: घरात सहा माणसं आहोत. दिवाळीनंतर अंगणातला बंब बंद करून पंधरा लिटरचा गीझर बसवला. एरवी महिन्याला दोनशेच्या आसपास युनिट येतात, जानेवारीत २८५ आले. सासूबाई म्हणतात, बाथरूमचा दिवा रात्रभर चालू राहतो त्याचं हे बिल. एका दुकानदाराने प्लगला लावायचा 'पॉवर सेव्हर' दाखवला. त्याने बिल तीस टक्के उतरतं म्हणे. घ्यावा का?
— एक वाचक, कराड

उत्तर: ताई, आधी घरातच निकाल लावून घ्या, माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. वीज मंडळात माझी नोकरी मीटर तपासण्यातच गेली, म्हणून मला पहिलं तेच सुचतं.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी बारीक अक्षरांत आकडा असतो, बहुधा ३२००. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. सकाळी घरातलं सगळं बंद करा, फ्रिज आणि टीव्हीचा सेट-टॉप बॉक्ससुद्धा. मेन मात्र चालू ठेवा. आता दिवा लुकलुकायला नको. लुकलुकत राहिलाच तर काहीतरी बंद करायचं राहिलंय किंवा वायरिंगमध्ये गळती आहे. मग बाकीचं सोडून आधी वायरमनला बोलवा.

तिथे सगळं ठीक असेल तर बाथरूमचा नऊ वॉटचा एलईडी लावा आणि सासूबाईंना मीटरसमोर खुर्ची द्या. दोन मिनिटांनी एकदा लुकलुकेल. नंतर तो दिवा बंद करून दोन हजार वॉटचा गीझर लावा. मिनिटाला शंभरावर! मोजता मोजता बोटं थकतील.

तो एलईडी रोज रात्री दहा तास जळला तरी महिन्याला तीन युनिट होत नाहीत. पण सासूबाईंना हसू नका. त्यांची सवय साठ वॉटच्या पिवळ्या बल्बच्या काळातली आहे. तो तेवढाच वेळ जळला असता तर अठरा युनिट झाले असते.

आता आंघोळीचा हिशेब. जानेवारीत नळाला साधारण वीस अंशांचं पाणी येतं, आंघोळीला बेचाळीसच्या आसपास लागतं. अठरा लिटरची एक बादली तेवढी तापवायला जवळपास अर्धं युनिट जातं. सहा बादल्या, तीस दिवस: ऐंशी-पंचाऐंशी युनिट. तुमची वाढ नेमकी तेवढीच आहे. चोर सापडला.

गीझर लगेच बंद करा, एकामागोमाग एक आंघोळी उरका, हे सगळेच सांगतात आणि ते बरोबरही आहे. दिवसभर चालू राहिलेला गीझर निवलेलं पाणी पुन्हा पुन्हा तापवत बसतो. पण खरी बचत गरम पाणीच कमी वापरण्यात आहे. बादली पाऊण भरली तरी चौथा हिस्सा वाचतो. ज्यांना सकाळी कुठे पळायचं नसतं त्यांनी दुपारी बारानंतर आंघोळ करावी. गच्चीवरची टाकी काळी असेल तर ऊन तुमचं थोडं काम फुकटात करून ठेवतं. आणि बंब अजून भंगारात दिला नसेल तर देऊ नका. अंगण आहे, करवंट्या आहेत, थंडीचे दोन महिने तो पेटवायला काय हरकत आहे? गच्ची स्वतःची असेल तर पुढच्या थंडीआधी सोलर वॉटर हीटरची चौकशी करा.

या बचतीला किंमत का आहे ते बिलाच्या मागे बघा. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला जवळपास दुप्पट. पुष्कळांना वाटतं, शंभराची रेघ ओलांडली की सगळ्याच युनिटांना चढा दर लागतो. तसं नाही, चढा दर फक्त रेघेपलीकडच्या युनिटांना. पण वाचवलेलं युनिट नेहमी वरच्या टोकाचं, म्हणजे महागातलं जातं. शिवाय त्यावरचं १६ टक्के वीज शुल्कही वाचतं. स्थिर आकार मात्र गावाला गेलात तरी भरावा लागतो, त्यावर डोकं शिणवू नका.

राहिला तो 'पॉवर सेव्हर'चा डबा. घेऊ नका. आत बहुतेक एक कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून परत देणारा छोटा भाग) आणि एक हिरवा दिवा असतो. कारखान्याच्या बिलात पॉवर फॅक्टरचा, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी किती प्रत्यक्ष कामी आली याचा, हिशेब होतो, तिथे कपॅसिटरला अर्थ आहे. घरचं मीटर फक्त प्रत्यक्ष खर्च झालेली वीज मोजतं, आणि ती या डब्याने कमी होत नाही. उलट तो हिरवा दिवा तुमच्याच विजेवर जळतो. दुकानदार फारच आग्रह करत असेल तर त्याच्याच दुकानातल्या मीटरसमोर उभ्या राहा आणि डबा लावण्याआधी व लावल्यावर मिनिटाला किती वेळा लुकलुकतं ते त्यालाच मोजायला सांगा.