लॉकरला पहिला धोका ओलाव्याचा

प्रश्न : आमच्या विश्वस्त संस्थेचे क्रीडासंकुल रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून जेमतेम दीड किलोमीटरवर आहे. व्यायामशाळा, बॅडमिंटनची दोन कोर्ट आणि उघडा जलतरण तलाव मिळून 320 सभासद आहेत. चार वर्षांपूर्वी घेतलेले लोखंडी लॉकर तळातून गंजले असून निम्मी दारे नीट लागत नाहीत. नव्या लॉकरसाठी तीन कोटेशने आली आहेत : लोखंडी पत्र्याचे, प्लायवूडवर सनमायका लावलेले आणि कॉम्पॅक्ट लॅमिनेटचे. तिसऱ्याचा दर पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट असल्याने कार्यकारिणीत एकमत होत नाही. कोणते घ्यावेत आणि किती? (कार्यवाह, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : कार्यवाह महोदय, आपल्या पत्रातला 'तळातून' हा शब्द महत्त्वाचा आहे. लोखंडी लॉकर बहुधा मधोमध गंजत नाही. पत्रा जिथे कापला, वाकवला किंवा स्क्रूसाठी भोसकला जातो, तिथे पावडर कोटिंगचा (कोरडी रंगपूड फवारून भट्टीत भाजलेल्या रंगाचा) थर पातळ पडतो आणि गंज तिथूनच शिरतो. त्यात सफाई कर्मचारी दिवसातून दोनदा फरशी पुसतात, ते पाणी लॉकरच्या पायांशी साचते आणि खारी हवा ते लवकर सुकू देत नाही. एका क्लबच्या व्यवस्थापनात असताना मी अशाच एका लॉकरच्या तळपट्टीवर किल्लीचे टोक सहज फिरवले, तर वरचा निळा रंग पापडासारखा अखंड सुटून हातात आला आणि खाली पत्र्याऐवजी तांबूस भुगा होता. बाहेरून तो लॉकर नवा दिसत होता.

म्हणून संपूर्ण संकुलासाठी एकच माल घेण्याचा आग्रह कार्यकारिणीने सोडावा, असे मला वाटते. तलावाच्या बाजूची कपडे बदलण्याची खोली आणि व्यायामशाळेची कोरडी खोली या दोन निराळ्या जागा आहेत. तलावाकडे ओल्या पोशाखातून क्लोरिनचे पाणी रोज ठिबकणार, तिथे कॉम्पॅक्ट लॅमिनेटला तोड नाही. रेझिनमध्ये भिजवलेल्या कागदाचे असंख्य थर उष्णता आणि दाब देऊन एकजीव केलेला हा घट्ट तक्ता असतो. तो साधारण 12 मि.मी. जाडीचा घेतला तर कडा उघड्या राहिल्या तरी पाण्याने फुगत नाही. मात्र त्याच्या बिजागऱ्या आणि स्क्रू कोणत्या धातूचे आहेत, हे कोटेशनमध्ये स्पष्ट लिहून घ्यावे. तक्ता शाबूत आणि बिजागरी गंजून दार लोंबकळलेले, असे दृश्य मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. स्टेनलेस स्टीलमध्ये 304 ही प्रत सर्रास मिळते, पण क्लोरिन आणि मिठाच्या हवेत मॉलिब्डेनम असलेली 316 अधिक टिकते. तीही अमर नव्हे. स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे 1985 साली बंदिस्त जलतरण तलावाचे काँक्रीटचे छत कोसळून 12 जण मृत्युमुखी पडले, कारण ते ज्या स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांना टांगलेले होते, त्यांना तलावावरच्या क्लोरिनयुक्त हवेमुळे आतून तडे गेले होते. आपला तलाव उघडा असल्याने हवेतला धोका पुष्कळ कमी आहे, तरी कोपऱ्यातल्या बिजागऱ्या वर्षातून दोनदा गोड्या पाण्याने धुऊन पुसण्याची सवय ठेवावी.

व्यायामशाळेकडे लोखंडी लॉकर चालतील, पण जस्ताचा लेप दिलेल्या (गॅल्व्हनाइज्ड) पत्र्यावर पावडर कोटिंग केलेले. येथे गेजच्या, म्हणजे पत्र्याच्या जाडीच्या आकड्याच्या, भाषेत फसगत होते, कारण गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो : 20 गेज म्हणजे सुमारे 0.9 मि.मी., तर 22 गेज म्हणजे सुमारे 0.7 मि.मी. '22 गेज हेवी' असे लिहिलेले कोटेशन माझ्यासमोर आले आहे. त्यातल्या 'हेवी'चा अर्थ पुरवठादारालाही सांगता आला नाही. जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावी, दारासाठी किमान 1 मि.मी. मागावी, आणि नमुन्याचे दार आल्यावर मायक्रोमीटरने मोजावे. प्लायवूडचा पर्याय मात्र दोन्हीकडे सोडून द्यावा. ओलाव्यासाठी बनवलेल्या चांगल्या मरीन प्लायलाही स्क्रूच्या भोकातून आणि कापलेल्या कडेतून पाणी लागते, सनमायका कोपऱ्यातून उचलला जातो, आणि कोकणच्या एका पावसाळ्यात दार चौकटीत अडकू लागते.

संख्या सभासदांवरून काढू नये. एका वेळी आत किती माणसे असतात, यावरून काढावी. पंधरा दिवस नोंदवहीत येण्याच्या वेळा लिहाव्यात. सर्वांत गर्दीच्या तासात 40 जण येत असतील आणि प्रत्येक जण सरासरी दीड तास थांबत असेल, तर एका वेळी सुमारे 60 जण आत असतात. बिघडलेले लॉकर आणि एखाद्या दिवसाची जास्तीची गर्दी धरून 70 ते 72 पुरतात. हा हिशेब स्त्रिया आणि पुरुष यांच्यासाठी वेगळा करावा, कारण दोन्ही खोल्यांच्या गर्दीच्या वेळा बहुधा निराळ्या असतात. 320 सभासदांना प्रत्येकी एक कायमचा लॉकर देण्याची सूचना कोणी मांडली, तर ती नम्रपणे बाजूला ठेवावी. त्यातले निम्मे महिन्याभरात ओल्या टॉवेलांचे आणि जुन्या बुटांचे गोदाम होतात, हा अनुभव आहे.

मापासाठी कॅटलॉगवर विसंबू नये. आपले बहुतेक सभासद दुचाकीने येणार, म्हणजे हेल्मेट आलेच. सहा फुटी कपाटात सहा खण केले तर प्रत्येकाची उंची जेमतेम 30 सें.मी. उरते, आणि 30 सें.मी. रुंदीच्या लॉकरचे प्रत्यक्ष तोंड चौकटीमुळे चार-पाच सें.मी.नी अरुंद होते, मग पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट तिरपे करूनही आत जात नाही. एक हेल्मेट, एक सॅक आणि बुटांचा एक जोड घेऊन स्वतः पुरवठादाराकडे जावे, तिन्ही वस्तू खणात ठेवून दार लावून पाहावे. माझ्या मते 38 सें.मी. रुंदीचे, तीन खणांचे कपाट आपल्याला योग्य ठरेल. दारांना वर-खाली झरोके हवेत. पायांऐवजी सुमारे 15 सें.मी. उंचीचा, कडाप्पा किंवा टाइल लावलेला ओटा बांधून त्यावर कपाटे बसवावीत आणि प्रत्येक कपाट भिंतीला घट्ट करावे. उघड्या दाराला लोंबकळणारी मुले प्रत्येक तलावावर असतात. तळचा एक खण ज्येष्ठांसाठी राखून ठेवण्याची पद्धत मात्र चुकीची आहे, कारण त्यांना वाकणे कठीण जाते. त्यांना मधला खण द्यावा.

प्रश्न : पुण्यातील माझ्या जिममध्ये लॉकरच्या किल्ल्या सतत हरवतात. आकडे दाबून उघडणारी डिजिटल कुलुपे बसवावीत काय? शिवाय 'सामानाची जबाबदारी व्यवस्थापनाची नाही' अशी पाटी लावली आहे. ती पुरेशी आहे का? (एक जिमचालक, पुणे)

उत्तर : किल्ल्या हरवण्यावर सर्वांत स्वस्त तोडगा म्हणजे दाराला मजबूत कडी-कोयंडा बसवून कुलूप सभासदाने स्वतःचे आणावे. रोज जिम बंद करताना लॉकर रिकामे करण्याचा नियम पाळावा लागतो आणि कधीकधी कुलूप तोडावे लागते, एवढाच त्रास. डिजिटल कुलूप सोयीचे आहे, पण त्याचे सेल संपतात, म्हणून बाहेरून तात्पुरता वीजपुरवठा देऊन उघडण्याची सोय असलेलेच घ्यावे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मास्टर कोड. मी सल्ला देण्यास गेलेल्या एका ठिकाणी कारखान्यातून आलेला मूळ कोड कोणी बदललाच नव्हता. तो माहितीपुस्तिकेत छापलेला होता आणि पुस्तिका स्वागतकक्षाच्या टेबलावर पडलेली होती. कोड पहिल्याच दिवशी बदलावा, तो दोनच व्यक्तींना ठाऊक असावा, आणि त्यांपैकी कोणी नोकरी सोडली की त्याच दिवशी पुन्हा बदलावा.

पाटीबद्दल सांगायचे तर, स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी पाटी लावून झटकता येत नाही. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलच्या ताब्यात दिलेली मोटार चोरीला गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली हीच भूमिका घेतली. लॉकरची किल्ली सभासदाकडेच असल्यामुळे आपली परिस्थिती तंतोतंत तशी नाही. पण कुलूप मोडलेले आहे हे ठाऊक असूनही तो लॉकर वापरात ठेवला, तर पाटीचा आधार फारसा उरणार नाही. नादुरुस्त लॉकरला त्याच दिवशी फुली मारून बंद करावे आणि वहीत नोंद ठेवावी. कॅमेरा लावायचा असल्यास तो खोलीच्या बाहेर, येण्या-जाण्याच्या वाटेवर लावावा. कपडे बदलण्याच्या जागेत कॅमेरा लावणे हा गुन्हा होऊ शकतो आणि 'चोरी रोखण्यासाठी लावला' हे कारण तेथे चालणार नाही.

प्रश्न : आमच्या तालमीत आजवर भिंतीतल्या खुंट्यांवरच कपडे टांगले जातात. आता मुलांजवळ मोबाइल आणि पैसे असतात. लॉकर घ्यावेत का? (एक वस्ताद, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : वस्ताद, खुंट्या काढू नका. घामाने भिजलेला लंगोट आणि टॉवेल बंद लोखंडी कपाटात कोंबले, तर दुसऱ्या दिवशी वासही येतो आणि बुरशीही धरते. त्यांना वाऱ्यावरची खुंटीच हवी. मोबाइल आणि पाकीट यांच्यापुरती मात्र लहान खणांची, कुलूपबंद एकच कपाटी घ्यावी. असे 24 खण एका कपाटीत सहज बसतात. ती आखाड्याच्या मातीपासून दूर, आपल्या बसण्याच्या जागेवरून नजरेस पडेल अशी भिंतीवर छातीच्या उंचीला लावावी. माती कुलपात शिरली की किल्ली फिरत नाही, म्हणून महिन्यातून एकदा कुलपात ग्रॅफाइटची पूड सोडावी, तेल सोडू नये, कारण तेलावर माती चिकटते.