आईचा रिपोर्ट लिहिताना

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

स्नायूंच्या आनुवंशिक आजारांवर काम करायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. सुरुवात ड्यूशेनपासून कर, म्हणजे मुलग्यांचे स्नायू हळूहळू दुबळे करत नेणाऱ्या आजारापासून. जमिनीवरून उठताना मुलगा मांड्यांवर हात टेकत टेकत उभा राहतो, पोटऱ्या मात्र भरलेल्या दिसतात. कधी आधी रक्तात एसजीपीटी हे यकृताचं समजलं जाणारं एन्झाइम वाढलेलं सापडतं आणि यकृताच्या तपासण्यांतच काळ जातो. ते स्नायूंतूनही येतं. अशा वेळी सीपीके, म्हणजे स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या, हे डॉक्टर मित्रांना सांगत जा.

बोस्टनमध्ये लुई कुंकेल यांच्या गटाने १९८७ साली या आजारात उणं पडणारं डिस्ट्रॉफिन हे प्रथिन ओळखलं. त्याच्या जनुकात ७९ एक्सॉन, म्हणजे प्रथिनाचा मजकूर असलेले तुकडे, आणि वीस लाखांहून जास्त अक्षरं. बिघडायला जागाही तेवढीच.

डिलीशन, म्हणजे जनुकातून गळालेला भाग, मोठं म्हणजे आजार गंभीर, हा हिशोब इथे चालत नाही. ४५ ते ५० क्रमांकांचे एक्सॉन गेले तर बहुधा ड्यूशेन. ४५ ते ५१ गेले, म्हणजे एक जास्तच गेला, तर सहसा बेकर, म्हणजे याच आजाराचा सौम्य प्रकार. पेशी हा मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचते. पहिल्यात ती लय मोडते आणि पुढचं सगळं वाया जातं. दुसऱ्यात टोकं जुळतात आणि आखूड का होईना, प्रथिन तयार होतं. ५१वा एक्सॉन मुद्दाम वगळणारं एटेप्लिर्सेन हे औषध यावरच बेतलेलं आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये त्याला मंजुरी मिळाली, पण मुलांना प्रत्यक्ष फायदा किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पालकांना दोन्ही सांग.

माझा जीव अडकतो तो आईच्या रिपोर्टात. जनुक एक्स गुणसूत्रावर आणि मुलग्याला ते आईकडून मिळतं, त्यामुळे घरात सगळ्यांचं बोट तिच्याकडे. साधारण एक तृतीयांश मुलांत बदल नव्यानेच झालेला असतो. आणि ती वाहक असली, म्हणजे बदललेलं जनुक तिच्यात असलं, तरी त्यात तिचा काय दोष? हे नवरा आणि सासूसमोर बोल, एकटीला गाठून नको. पण 'आई निगेटिव्ह' लिहून फाइल मिटू नकोस. रक्तात न दिसलेला बदल काही बीजांडांत असू शकतो. पुढच्या खेपेला गर्भाची तपासणी सुचवायलाच हवी. वाहक निघाली, तर मुलाच्या मावश्यांपर्यंत आणि बहिणींपर्यंत निरोप पोहोचव.

शिवाय वाहक बाईचं हृदयही कमकुवत होऊ शकतं. मोठ्या झालेल्या लेकाला उचलताना तिला दम लागला, तर घरचे थकवा म्हणून सोडून देतात. तिचा ईसीजी आणि इको वेळोवेळी व्हावा, ही ओळ तुझ्या प्रत्येक रिपोर्टात हवी.

कळावे,
तुझे सर